सत्तावीस विद्यार्थ्यांचा अर्ज

नमस्कार, श्रोतेहो. आज १२ ऑगस्ट, आंतरराष्ट्रीय युवा दिन. 'तरुण हे उद्याचे नागरिक' असं आज ठिकठिकाणी बोललं जाईल. मला ते पटत नाही. अठरा पूर्ण झाली की माणूस आजचाच नागरिक. शांततेच्या कामात तरुणांना सोबत घ्या, असा ठराव संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेनेही २०१५ साली केला आहे.

पण मला गोष्ट सांगायची आहे ती वानुआतूची. प्रशांत महासागरातला ऐंशीएक बेटांचा देश, वस्ती साधारण तीन लाख. चक्रीवादळ आलं की घरं जातात, बागा जातात. राजधानी पोर्ट विला. तिथे २०१९ साली कायदा शिकणारी सत्तावीस मुलं-मुली होती. सत्तावीसच. वर्गात अभ्यास चालला होता पर्यावरणाच्या कायद्याचा. त्यांना वाटलं, धूर दुसऱ्यांचा आणि बुडणार आपलं बेट, तर जगातल्या सर्वांत मोठ्या न्यायालयालाच, म्हणजे हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयालाच विचारू या. पण तिथे विद्यार्थ्यांना उभं करत नाहीत, दाद देशांनी मागायची. मग त्यांनी बेटांवरच्या सरकारांना पत्रं लिहिली. वानुआतूने ते मनावर घेतलं.

(आपल्याकडे मुलं निबंध पाठ करतात, पण पदवी घेतली तरी साधा अर्ज लिहिता येत नाही. दहावीपर्यंत दर महिन्याला एक खरा अर्ज लिहून घ्यावा, असं माझं जुनं म्हणणं आहे.)

तर, देशामागून देश जोडत २०२३च्या मार्चमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत ठराव आला: हवामानबदलाबद्दल या न्यायालयाचं मत घ्यावं. एकाही देशाने विरोध केला नाही. पुढच्या वर्षी डिसेंबरात हेगच्या न्यायालयात सुनावणी झाली. त्या सत्तावीस जणांतली सॉलोमन बेटांची सिंथिया हौनिउही वानुआतूच्या बाजूने तिथे न्यायाधीशांसमोर बोलली. पूर्वजांच्या बुडत चाललेल्या बेटाबद्दल बोलली.

२३ जुलै २०२५ला न्यायालयाने एकमताने मत दिलं: हवामान राखणं हे देशांचं कायदेशीर कर्तव्य आहे, आणि स्वच्छ, निरोगी पर्यावरण हा मानवी हक्क आहे. पुन्हा सांगतो, मानवी हक्क. हा सल्ला आहे, हुकूम नव्हे. पण आता कुठल्याही देशातल्या वकिलाला तो आपल्या न्यायालयापुढे ठेवता येतो.

तीन दिवसांनी १५ ऑगस्ट, अनेक गावांत ग्रामसभा असते. अठरा पूर्ण झालेल्या प्रत्येक मतदाराला तिथे बोलायचा अधिकार आहे. ओढ्यात कचरा पडत असेल, विहिरीचं पाणी बिघडलं असेल, तर आज रात्रीच कागद घ्या. वर तारीख घाला, खाली सह्या घ्या, आणि पोच घ्यायला विसरू नका.