दोन इंचांची फळी

[दृश्य : भिंतीवरचं कपाट. मधली फळी खाली वाकलेली. तिच्यावर मराठी विश्वकोशाचे खंड.]

ही फळी मी सात वर्षांपूर्वी विकत आणली. सोळा मिलिमीटरचा भुशाचा बोर्ड, वरून शिसवी रंगाचा कागद. दुकानात सरळ होती. विश्वकोशाचा पहिला खंड १९७६ सालचा, आजोबांनी घेतलेला. मग एकेक खंड येत गेला आणि शेजारी संस्कृतिकोशाचे दहा खंड येऊन बसले. फळीने दोन पावसाळे तग धरला. तिसऱ्यात मधोमध अशी खोलगट झाली की वर लिंबू ठेवलं तर घरंगळत मध्यावर यायचं. भाच्यांचा तो आवडता खेळ होता.

मला जाड फळ्या हव्या होत्या. जुन्या वाड्यांत दिसतात तशा, नजरेलाच भक्कम वाटणाऱ्या. दोन इंचांच्या. आणि पैसे होते साधारण पाच हजार.

[दृश्य : भवानी पेठ, पुणे. टिंबर मार्केट. लाकडाच्या थप्प्या, हातगाड्या.]

सोबत मामा आहेत. मामांनी चाळीस वर्षं सुतारकाम केलं. त्यांचे वडील गावात बाभळीचे नांगर करायचे आणि बदल्यात बलुतं घ्यायचे. मामा पुण्यात आले आणि नांगराचे झाले डबलबेड. आता निवृत्त आहेत, पण टिंबर मार्केटात शिरले की चाल बदलते. ते लाकडाला हात लावतात, मग बोटाने टकटक करतात आणि शेवटी वास घेतात. भाव विचारण्याची पाळी त्यानंतर येते.

इथे लाकूड घनफुटावर विकलं जातं. हिशेब सोपा आहे. लांबी फुटांत, रुंदी आणि जाडी इंचांत, तिघांचा गुणाकार करायचा आणि १४४ ने भागायचं. चार फूट लांब, दहा इंच रुंद, दोन इंच जाड फळी म्हणजे ऐंशी भागिले १४४. अर्ध्या घनफुटाहून थोडी जास्त. मला अशा चार हव्या होत्या, म्हणजे सव्वादोन घनफूट धरा.

पडलेल्या वाड्याचा जुना साग इथे मिळतो. कडीपाटाच्या फळ्या, तुळया, दाराच्या चौकटी. १२ जुलै १९६१ ला पानशेतचं धरण फुटलं आणि नदीकाठच्या पेठांतले कितीतरी वाडे एका दिवसात गेले. त्यानंतरची वर्षं वाडे पाडून इमारती बांधण्याचीच. लाकूड मात्र मागे राहिलं. वरून काळंकुट्ट, धूर आणि तेल प्यायलेलं. रंधा एकदा फिरला की आत मधासारखा पिवळा रंग आणि तो ओळखीचा, जरा तिखट वास.

आम्ही गेलो त्या दिवशी जुन्या सागाचा भाव घनफुटाला अठ्ठावीसशे सांगितला. चार फळ्यांचे सहा हजारांवर गेले. वर मशीनवर तासायची मजुरी वेगळी. शिवाय जुन्या लाकडात खिळे असतात. डोकं तुटून आत राहिलेले, वरून दिसतच नाहीत. मामा खिशात लोहचुंबक ठेवतात. फळीवरून हळूहळू फिरवायचं आणि जिथे ओढ लागेल तिथे खडूची फुली मारायची. एका फुलीपायी कटरचं पातं जातं. पात्याची किंमत कुणी फळीच्या किमतीत धरत नाही, पण ती त्यातच असते.

मी हिरमुसले. मामा म्हणाले, "अगं, तुला जाड फळी पाहिजे की जाड दिसणारी?"

मला दोन्हीत फरक कळला नव्हता. पुढचे तीन रविवार तो कळण्यात गेले.

[दृश्य : दोन पातळ पट्ट्या एकमेकींवर ठेवलेल्या. मामा त्या दोन्ही टोकांना धरून वाकवतात.]

या दोन पट्ट्यांकडे नीट बघा. वाकवल्यावर टोकं कशी एकमेकींवरून सरकतात. दोन आहेत, म्हणून दुप्पट ताकद, बस्स. आता याच दोन पट्ट्या फेविकॉल लावून, दाबून, चोवीस तास वाळवलेल्या. मामा वाकवायला बघतात. टोकं सरकत नाहीत, आणि म्हणून पट्टी वाकत नाही.

फळीचा कडकपणा जाडीच्या घनाने वाढतो. जाडी दुप्पट, तर कडकपणा आठपट. पण दोन थर एकजीव झाले तरच. नुसते एकावर एक ठेवले तर दोनपटच. चौपटीचा फरक त्या पांढऱ्या चिकट थराचा आहे. तापवून लावायच्या सरसाच्या जागी फेविकॉल बाजारात आलं १९५९ साली. मामांच्या वडिलांनी सरस वितळवायचं भांडं कधी टाकलं नाही. मामा तो वास आठवून अजून नाक मुरडतात.

आमचा बेत असा ठरला. अठरा मिलिमीटरचं प्लायवूड आणायचं. पूर्ण शीट आठ फूट बाय चार फूट. दुकानदाराच्या मशीनवर लांबीच्या दिशेने दहा-दहा इंचांच्या चार पट्ट्या कापून घ्यायच्या आणि प्रत्येकीचे चार फुटांचे दोन तुकडे करायचे. आठ तुकडे झाले. दोन-दोन जोडले की छत्तीस मिलिमीटरच्या चार फळ्या. शिवाय साडेसात इंचांची एक पट्टी उरते, ती आधारांना. शीटचा भुसा सोडला तर काहीच वाया गेलं नाही.

पट्ट्या लांबीच्याच दिशेने का? वरच्या थराचे तंतू शीटच्या लांबीने धावतात. ते फळीच्या लांबीने यायला हवेत. दुकानातल्या पोराला घाई असते, तो आडवं कापून मोकळा होईल. समोर उभं राहायचं.

प्लायवूडवर आय.एस. ३०३ किंवा आय.एस. ७१० असा शिक्का असतो. ७१० म्हणजे मरीन, पाण्याला टिकणारं, महाग. पुस्तकांच्या फळीला त्याची गरज नाही. ३०३ पुरेसं आहे. भिंतीला ओल असेल तर आधी ओलीचं बघा. लाकूड नंतर.

शीट पंच्याहत्तर रुपये फुटाने, बत्तीस चौरस फुटांचे चोवीसशे झाले. कापायचे तीनशे. फेविकॉल, स्क्रू, पॉलिश पेपर मिळून सातशे. दर्शनी कडेला लावायला जुन्या सागाच्या चार पट्ट्या सहाशेला मिळाल्या. त्याच वाड्याचा साग. फळीभर परवडत नव्हता, कडेपुरता परवडला.

[दृश्य : हॉलमधली मोझाइक फरशी. दोन फळ्या जोडून वर पाण्याचे डबे, पाटा, वरवंटा.]

जोडण्याचं काम मात्र मी एकटीने केलं, आणि चुकले.

फेविकॉल दातेरी पट्टीने सारखं पसरलं. दुसरा तुकडा वर ठेवला. शिकंजे नव्हते, म्हणून घरातलं सगळं जड सामान वर चढवलं. दुसऱ्या दिवशी बघते तर फळी पिळलेली. तीन कोपरे टेकलेले आणि चौथा आठ मिलिमीटर वर. फरशी मधोमध बसलेली होती, हे या घरात तीस वर्षं राहून मला माहीत नव्हतं. फळीला एका रात्रीत कळलं. आणि एकदा पिळात वाळली की ती तशीच. वजन ठेवा, ऊन दाखवा, सरळ होत नाही. दोन थर एकजीव होतात, तसा त्यांचा पीळही एकजीव होतो.

ती फळी आता गॅलरीत कुंड्यांखाली आहे. नव्या दोन तुकड्यांसाठी पुन्हा दुकानात जावं लागलं.

मामा ओरडले नाहीत. त्यांनी दिवाणाची वरची प्लाय सरळ आहे का ते दोरा ताणून बघितलं आणि पुढच्या चारही फळ्या दिवाणावर जोडल्या. मधे मधे आतून स्क्रू मारले. अठरा अधिक अठरा छत्तीस, म्हणून स्क्रू तीस मिलिमीटरचे. बाहेर टोक निघत नाही. मग पुढच्या कडेला सागाची पट्टी. प्लायच्या थरांचे सँडविच दिसतात ते झाकायला, आणि पट्टी फळीपेक्षा थोडी रुंद घ्यायची. खाली एक सेंटिमीटर उतरते. समोरून बघणाऱ्याला फळी पावणेदोन इंचांची वाटते.

हीच ती जाड दिसणारी फळी. फसवणूक म्हणा हवं तर. मामा म्हणतात, "वाड्यातल्या तुळयांना पण खालून नक्षीची पट्टी असायचीच की."

[दृश्य : मामा भिंतीला ड्रिल लावतात. खाली हातात कागदाचा द्रोण, त्यात भुकटी पडते.]

फळी सरळ झाली, आता भिंत. खरा प्रश्न इथे सुरू होतो, आणि बहुतेक लोक इथेच डोळे मिटतात.

द्रोणातली भुकटी बघा. लाल आहे. म्हणजे वीट. ही साठच्या दशकातली इमारत, बाहेरची भिंत नऊ इंची, भरवीट. नशीब. भुकटी करडी आणि ड्रिल किंचाळतंय, तर काँक्रीट. कित्येक नव्या टॉवरमध्ये सगळ्या भिंतीच काँक्रीटच्या ओततात, तिथे हॅमर ड्रिलशिवाय इलाज नाही. आणि भुकटी पांढरी, मऊ, पिठासारखी भसाभसा येतेय, तर सिपोरेक्सचा, म्हणजे हलक्या सच्छिद्र काँक्रीटचा ब्लॉक. तिथे हॅमर बंद करायचा, नाहीतर भोक मोठं होऊन स्क्रू धरणारं प्लास्टिकचं बुच नुसतंच फिरतं. बुचही लांब, त्या ब्लॉकसाठीचं वेगळं मिळतं ते.

कुठलीही भिंत असो, पहिले पंधरा-वीस मिलिमीटर गिलावा. त्याच्यात धरलेला स्क्रू म्हणजे न धरलेला स्क्रू.

मला फळ्या तरंगत्या हव्या होत्या. खाली आधार नाही, भिंतीतून उगवल्यासारख्या. मामांनी पेन्सिल काढली आणि पाटावर हिशेब मांडला. फळी पंचवीस सेंटिमीटर रुंद. पुस्तकांचं वजन मध्यावर पडतं, म्हणजे भिंतीपासून साडेबारा सेंटिमीटरवर. फळी खाली झुकू बघते ती तिच्या मागच्या खालच्या कडेवर. स्क्रू त्या कडेच्या वर अडीच सेंटिमीटर. साडेबारा भागिले अडीच, पाच. वर तीस किलो पुस्तकं ठेवली, तर स्क्रूंवर भिंतीतून बाहेर खेचणारी ओढ दीडशे किलोंची.

तरंगत्या फळीत जाडी नुसती शोभेची नसते, ती इथे कामाला येते. फळी जाड, तर स्क्रू कडेपासून जास्त वर बसतो आणि ओढ कमी होते. एक इंची फळी असती, तर हीच ओढ दुप्पट.

मामांनी त्यासाठी एक पोकळ फळी करून दाखवली. आत पाइनच्या पट्ट्यांची शिडी, वर-खाली सहा मिलिमीटरची प्लाय. बाहेरून दोन इंच पूर्ण. तेवढ्याच मापाची सागाची भरीव फळी दहा किलो भरली असती, ही चार किलोंच्या आसपास. भिंतीवर एक पट्टी घट्ट बसवायची आणि ही पेटी तिच्यावर सरकवायची. स्क्रू दिसत नाही, आधार दिसत नाही.

पाइन त्यांनी जुन्या पॅलेटचं घेतलं. परदेशातून माल येतो त्या लाकडी चौकटी. त्यांवर गव्हाच्या ओंबीचा शिक्का असतो. शेजारी एच.टी. लिहिलेलं असेल, तर लाकूड गाभ्यापर्यंत ५६ अंशांवर अर्धा तास तापवलेलं. घरात चालतं. एम.बी. असेल तर मिथाइल ब्रोमाइडचा धूर दिलेला. ते घ्यायचं नाही, फुकट असलं तरी.

पोकळ फळीवर आता रेडिओ आहे, दिवा आहे आणि आजीचा फोटो. विश्वकोश नाही. तो छत्तीस मिलिमीटरवाल्या चार फळ्यांवर गेला, आणि त्यांच्याखाली दोन टोकांना आणि मध्ये असे उरलेल्या प्लायचे आधार आहेत. मधला आधार मला नको होता. दिसायला आडवा येतो. पण लांबी निम्मी झाली की झोळ सोळाव्या हिश्श्यावर येतो. जाडीने आठपट मिळवायला एक शीट लागली, या सोळापटीला एक तुकडा.

[दृश्य : वाटीत स्पिरिट, त्यात चपड्याचे तुकडे विरघळताना. मलमलीची पुरचुंडी.]

पॉलिशला चपडा. लाखेचे पातळ पापुद्रे स्पिरिटमध्ये रात्रभर भिजवायचे, मलमलीने हात मारायचे. आठ हात झाले. चहाचा कप ठेवलात तर पांढरा डाग पडतो, म्हणून स्वयंपाकघरात नको. तिथे जवसाचं तेल बरं. फक्त तेलाची चिंधी चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका. ती आपोआप तापते आणि पेटू शकते. मोकळ्या हवेत पसरून वाळवायची, मग टाकायची.

खर्च चार हजारांत बसणार होता. पिळलेल्या फळीने साडेचार केला.

[दृश्य : संध्याकाळ. फळ्या भरलेल्या. मामा एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे पांढरा दोरा ताणतात.]

दोऱ्याखालून पोस्टकार्ड सरकत नाही. मामा फळीच्या खालच्या बाजूला, कुणाला दिसणार नाही अशा जागी, पेन्सिलने तारीख लिहितात आणि पुढे शून्य. पुढच्या पावसाळ्यानंतर दोरा पुन्हा लावायचा आहे. भाचा लिंबू घेऊन उभा आहे.