वाढत्या शहरातले तुटक रस्ते

श्रोतेहो, नमस्कार. शहर वाढते तेव्हा इमारती किती उभ्या राहिल्या आणि हद्द किती पुढे सरकली याची चर्चा पुष्कळ होते. मात्र शहराच्या कडेला पडणारे नवे रस्ते एकमेकांना जोडलेले आहेत की नाहीत, हे क्वचितच कोणी पाहते.

ते मोजण्याची एक रीत सोपी आहे. नकाशावर चौकाला चार, तिठ्याला तीन आणि रस्ता जेथे खुंटतो त्या टोकाला एक असे अंक देऊन सरासरी काढावी. ती जितकी खाली, तितके जाळे तुटक. समजा, दोन घरांच्या परसांमध्ये एकच भिंत आहे, पण घरे दोन वेगळ्या बंद रस्त्यांवर आहेत. हाक ऐकू जाईल एवढ्या अंतरासाठी मग आपल्या वसाहतीच्या फाटकातून हमरस्त्यावर आणि तेथून शेजारच्या वसाहतीत असा वळसा पडतो. पायी निघालेला माणूस कंटाळून गाडी काढतो, आणि सगळ्यांच्या गाड्या त्या एकाच हमरस्त्यावर उतरत असल्याने आतले रस्ते ओस असतानाही बाहेर कोंडी होते.

पूर्वी आखणी वेगळी होती. मॅनहॅटनच्या 1811 च्या आणि बार्सिलोनाच्या 1859 मध्ये मंजूर झालेल्या विस्तार-आराखड्यात उभ्या-आडव्या रस्त्यांची चौकट आधी ठरली, घरे मागाहून भरत गेली. मोटारी वाढल्यावर रहदारी दारापासून दूर ठेवण्याची कल्पना रुजली. न्यू जर्सीतील रॅडबर्न ही 1929 ची वसाहत त्याचा नमुना मानली जाते. तेथे बंद रस्त्यांबरोबर बागांमधून जाणाऱ्या सलग पायवाटाही होत्या. अनुकरण करणाऱ्यांनी बहुतेक ठिकाणी बंद रस्ते तेवढे उचलले, पायवाटा वगळल्या. अमेरिकेत हा तुटकपणा 1994 च्या सुमारास शिगेला पोहोचून पुढे थोडा ओसरला. जगात इतरत्र अनेक शहरांच्या कडेला मात्र तो वाढतोच आहे, आणि कुंपणबंद वसाहतींनी त्याला हातभारच लावला आहे.

घर पाडून पुन्हा बांधता येते, रस्त्याची रेषा मात्र सहसा हलत नाही. 1666 च्या आगीत लंडनचा मोठा भाग जळाल्यावर वास्तुविशारद क्रिस्टोफर रेन यांनी नवा आराखडा मांडला, तरी जागांच्या मालकीपुढे तो टिकला नाही आणि शहर बव्हंशी जुन्याच गल्ल्यांवर उभे राहिले. म्हणून बांधून झालेल्या वसाहतीत भिंत फोडून पायवाट काढणे एवढेच बहुधा हाती उरते, आणि त्यालाही रहिवाशांचा विरोध होतो; त्यांना शांतता हवी असते, हे गैर म्हणता येणार नाही. खरी संधी असते ती मंजुरीच्या वेळी. अमेरिकेच्या व्हर्जिनिया राज्याने 2009 मध्ये असा नियम केला होता की, नव्या वसाहतीचे रस्ते शेजारच्या जमिनीकडे जोडणीसाठी खुले नसतील, तर त्यांच्या देखभालीचा भार राज्य उचलणार नाही. पुढे हा नियम काहीसा सैल करण्यात आला.