मावशीची पत्र्याची पेटी

नमस्कार श्रोतेहो. कापूस विकून, सोयाबीनचे पैसे जोडून नागपूर, वर्धा, अमरावतीत पोरांसाठी फ्लॅट घेणारी घरं आपल्या गावोगावी आहेत. पैसे दिले आणि ताबा मिळालाच नाही, तर दाद कुठे मागायची? सांगतो, पण आधी माझ्या मावशीची हकिकत ऐका.

मावशी आर्वीकडची. पोरगा नागपुरात शिकायला, म्हणून तिनं 18 लाखांचा फ्लॅट बुक केला. करारनामा नोंदवण्याआधीच 6 लाख देऊन बसली. बिल्डर गावातल्याच एकाच्या ओळखीचा होता. "मानूस घरचाच हाय," सगळे म्हणाले. ओळखीच्या माणसाकडे पावती मागायची आपल्याकडे लाज वाटते. मला ही लाज मुळीच पटत नाही. बियाण्याची पावती आपण जपून ठेवतो, मग घराची का नको?

मावशीनं मात्र पावत्या घेतल्या होत्या. दोन वर्षांत ताबा देऊ, असं पत्रही घेतलं होतं. चार वर्षं झाली. एसटीनं नागपूरला जायची, ऑफिसात तासन्‌तास बसायची, "दिवाळीपर्यंत होते मावशी" ऐकून परत यायची. एक दिवस ती थेट साइटवर गेली. पहिल्या स्लॅबच्या फटीत हातभर पिंपळ उगवला होता. घरी येऊन मला म्हणाली, "बाबू, तो पिंपय माह्या पैशानं वाढून रायला."

मी पेटी उघडायला लावली. पत्र, पावत्या आणि एक रंगीत जाहिरातपत्रक निघालं. त्याच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात महारेराचा, म्हणजे बिल्डरांवर देखरेख ठेवणाऱ्या राज्याच्या सरकारी प्राधिकरणाचा, नोंदणी नंबर होता, 'पी'नं सुरू होणारा. त्या नंबरावर ऑनलाइन तक्रार केली, फी 5,000 रुपये. सुनावणी मोबाइलवर झाली. मावशी डोक्यावर पदर घेऊन, कोर्टात बसावं तशी फोनसमोर बसली होती. आदेश झाला: सगळे पैसे व्याजासह परत. बिल्डर तरी देईना. मग वसुलीचं वॉरंट कलेक्टरकडे गेलं, कारण ही रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल होते. "म्हंजे तहसीलवाले त्याच्या घरी जातीन?" मावशीनं विचारलं. गेले. दोन हप्त्यांत पैसे आले.

आता कायदा. घर घेणाऱ्यांच्या संरक्षणासाठी केलेल्या 2016 च्या रेरा कायद्यानुसार नोंदणीकृत करारनाम्याआधी बिल्डर किमतीच्या 10 टक्क्यांहून जास्त रक्कम घेऊ शकत नाही. पुन्हा सांगतो, 10 टक्के. 18 लाखांच्या घराला 1 लाख 80 हजार, बस. ताबा थकला तर पैसे व्याजासह परत मागा, किंवा घरच हवं असेल तर ताबा मिळेपर्यंत दर महिन्याचं व्याज मागा. निवड तुमची, बिल्डरची नाही. ताब्यानंतर 5 वर्षांत बांधकामात दोष निघाला, तर दुरुस्ती त्यानं स्वखर्चानं करायची. महारेराचं कार्यालय नागपुरातही आहे.

आठपेक्षा जास्त फ्लॅट नसलेल्या छोट्या स्कीमला महारेराची नोंदणी सक्तीची नाही. तिथे जिल्हा ग्राहक आयोग आहे, 50 लाखांपर्यंतच्या व्यवहारासाठी. तक्रारीचं कारण घडल्यापासून 2 वर्षांच्या आत जा. 2 वर्षं, विसरू नका.

आणि घर बाईच्या नावानं घ्या, असं माझं कळकळीचं सांगणं आहे. फक्त बाईच्या नावानं घेतलं तर मुद्रांक शुल्कात 1 टक्का सवलतही मिळते.

पुढच्या वेळी लेआऊटमधल्या प्लॉटबद्दल बोलू. सातबारा आणि अकृषक आदेश शोधून ठेवा. नमस्कार.