पाऊच कोरा, भरणी बाहेर

श्रोते हो, नमस्कार.

आपला मुलूख चहाचा, हे कबूल. पण चिकमगळूरहून, कोडगूहून कच्चं बी मागवावं आणि संभाजीनगर, लातूर, नांदेडसारख्या गावी छोट्या यंत्रावर कॉफी भाजून विकावी, असं तुमच्यापैकी कोणाच्या मनात असेल, तर आज थोडं पाकिटाविषयी बोलू. भाजताना किलोमागे साधारण दीडशे ग्रॅम वजन उडूनच जातं. उरलेल्या मालावर कमवायचं, त्यात पाकिटाचा खर्च.

पहिला मोह असतो तो रंगीत छापील पाऊचचा. छपाईवाला म्हणतो, दहा हजार नग घ्या, दर उतरतो. तो खोटं बोलत नाही. ग्रॅव्ह्युअर छपाईत प्रत्येक रंगाचा वेगळा सिलिंडर कोरावा लागतो, तो खर्च नग वाढले की विभागला जातो. पण हिशेब करून बघा. समजा, आठवड्याला वीस किलो कॉफी खपते. म्हणजे पाव किलोची ऐंशी पाकिटं, वर्षाची चार हजारांच्या जरा वर. दहा हजार पाऊच संपायला जवळपास अडीच वर्षं! तोवर जागा बदलते, फोन बदलतो, किंमत तर बदलतेच. पाऊच स्वस्त पडला, पैसा मात्र माळ्यावर जाऊन बसला. भांडवल बेताचं असेल तर नगामागच्या दरापेक्षा अडकणारी रक्कम बघावी, असं माझं स्पष्ट मत आहे.

म्हणून सुरुवातीला कोरा पाऊच आणि वर स्टिकर. कोरे पाऊच व्यापाऱ्याकडे शेकड्यानं मिळतात. अशा पाऊचच्या थरांत बीओपीपी नावाची प्लास्टिकची पातळ फिल्म वापरतात; ती बनवणाऱ्या कॉस्मो कंपनीचा कारखाना संभाजीनगरजवळ आपल्या वाळूजलाच आहे, पण कारखाना टनात बोलतो, आपण शेकड्यात. तेव्हा व्यापारीच बरा. स्टिकर गावातल्या छापखान्यात होतो. नाव, चित्र एकदाच छापून घ्या, तारीख आणि किंमत भरताना मारा. फक्त दुकानातल्या बिलासारख्या थर्मल कागदावर तारीख छापू नका. आपल्या वैशाखात ती अक्षरं टिकत नाहीत.

काटकसर कुठे करू नये, तेही सांगतो. पाऊचवरच्या व्हॉल्व्हवर, म्हणजे छोट्या झडपेवर, करू नये. भाजलेल्या बियांतून कित्येक दिवस कार्बन डायऑक्साइड निघत राहतो. बंद पाऊच फुगतो, कधी शिवणीतून फाटतो. व्हॉल्व्ह आतला वायू बाहेर सोडतो, बाहेरची हवा आत घेत नाही. काही जण टाचणीनं भोक पाडून काम भागवतात. त्या भोकातून वायू बाहेर जातो तसा प्राणवायू आतही येतो, आणि कॉफी शिळी होते. आतला थर ॲल्युमिनियम फॉइलचा किंवा मेटलाइज्ड, म्हणजे धातूचा पातळ मुलामा दिलेला, असावा. नुसत्या कागदी पिशवीचं रूप छान, पण काम शून्य.

आता भरणी, म्हणजे पाकिटं भरायचं काम, बाहेर द्यायची का? आठवड्याला वीस किलोपर्यंत हातानं भरून, साध्या सीलिंग मशीननं काम निघतं. पुढे माल वाढला, भाजायचं सोडून दिवसभर पाकिटंच भरत बसावं लागलं, की जॉबवर्कचा विचार करावा. आपल्याकडचे भरणीवाले कोण? बहुतेक मसाल्याचे. वसमतची हळद, लाल मिरची, काळा मसाला त्याच यंत्रातून जातो. कॉफी वास ओढून घेते. यंत्र धुतलं म्हणाले तरी हॉपरमध्ये, म्हणजे माल ओततात त्या तोंडात, नाक घालून बघा. लाजू नका. आणि पहिली गोष्ट, त्यांना दळायला देऊ नका, अख्खं बी द्या. दळलेली कॉफी लवकर शिळी होते, शिवाय भुकटी पाऊचच्या तोंडाला चिकटली की सील नीट बसत नाही. सील तपासायचं तर व्हॉल्व्हवर चिकटपट्टी लावा, पाऊच पाण्यात दाबा, बुडबुडे कुठून येतात ते बघा.

बोलणी करताना तीन गोष्टी कागदावर घ्या: भरताना वाया जाणारा माल कोणाच्या खात्यात, उरलेले पाऊच परत मिळणार का, आणि माल किती दिवसांत भरून मिळणार. तिसरीवर जोर द्या. त्यांच्याकडे मसाल्याचा हंगाम सुरू झाला की तुमची दोन पोती कोपऱ्यात पडतात. आणि त्यांच्याकडे चौदा अंकी क्रमांकाचा अन्न परवाना आहे का, हे आधीच बघा.

लेबलवर निव्वळ वजन, सर्व करांसह किंमत, महिना-वर्ष, ग्राहकानं तक्रार करायची तो नंबर, हिरवी खूण हे सगळं लागतंच. भरणी दुसऱ्यानं केली तर त्याचंही नाव-पत्ता टाका. फिल्टर कॉफीसाठी चिकोरी, म्हणजे भाजून दळलेलं एक मूळ, मिसळत असाल तर कॉफी किती टक्के, चिकोरी किती टक्के, हे ठळक छापावं लागतं, आणि कॉफी 51 टक्क्यांहून कमी चालत नाही.

पहिली खेप पन्नास पाकिटांचीच द्या. त्यातली चार बाजूला ठेवा, दोन थंड जागी, दोन पत्र्याच्या खोलीत. महिन्यानं चारही उघडून कॉफी करून प्या, मगच भरणीवाल्याशी वर्षाचा दर ठरवा. दिवाळीसाठी माल हवा असेल तर ही पारख श्रावणातच उरका, कारण दसऱ्यानंतर छापखानेवाला आणि भरणीवाला दोघंही फोन उचलत नाहीत.