आधी पाय धू, मंग देव

नमस्कार श्रोतेहो.

दिवाळी आटोपली, थंडी पडली, की आमच्याकडं पाहुण्यांचा मोसम सुरू होतो. मागच्या खेपेला पुण्याहून नणंद आणि भावोजी आले होते. चहाचा कप खाली ठेवता ठेवता भावोजी म्हणाले, "वहिनी, तुमच्या नागपुरात तसं पाहण्यासारखं काय आहे हो?" त्यातला 'तसं' मला चांगलाच ऐकू आला. मी भूगोलाची मास्तरीण, आता निवृत्त. संध्याकाळी त्यांना झिरो माइलला नेलं. चार घोडे, एक खांब, शेजारी मोजणीचा दगड. इंग्रजांच्या मोठ्या भूमापनातला 1907 सालचा तो उंचीचा ठोकळा आहे, समुद्रसपाटीपासून 1020 फुटांवर, हे मी सांगेपर्यंत भावोजींचा घोड्यासोबत फोटो काढून झाला होता. "झालं?" म्हणाले. झालं.

घरी आल्यावर माझ्या सासूबाई म्हणाल्या, "अवं, त्याहिले दगड काय दाखवून राहिली? रामटेकला ने."

सासूबाईंचं वय ऐंशीच्या पुढं. कुठल्याही तीर्थाला गेलं की त्यांचा एकच दंडक, "आधी पाय धू, मंग देव." लग्न होऊन आले तेव्हा मला हे सोवळ्याओवळ्याचं खूळ वाटायचं. पण त्यांच्यासोबत जिल्हाभर फिरल्यावर ध्यानात आलं, की या एका दंडकामुळं आम्ही प्रत्येक ठिकाणी आधी पाण्यापाशी जातो आणि ती जागा आम्हाला खालून वर दिसत जाते. गाडीनं थेट कळसापाशी उतरणाऱ्याला ती तशी दिसत नाही. आज तुम्हालाही त्याच वाटेनं न्यावं म्हणते.

रामटेक नागपूरहून पन्नासेक किलोमीटर. गणेशपेठच्या स्टँडवरून एसटी मिळते, इतवारीहून रेल्वेचा फाटाही थेट रामटेकपर्यंत जातो. गडावर वरपर्यंत मोटार जाते, म्हणून बहुतेक लोक वरूनच दर्शन घेतात आणि वरूनच परततात. आम्ही उतरतो अंबाळ्याला. गडाच्या पायथ्याचा हा तलाव, भोवती घाट आणि लहानमोठी देवळं. अंब नावाच्या राजाचा कुष्ठरोग इथल्या पाण्यानं गेला, अशी कथा आहे. आजही लोक अस्थी घेऊन इथं येतात. एका घाटावर नवी साडी नेसलेली नवरी आणि शेजारच्या घाटावर डोकं भादरलेला मुलगा, असं एकाच सकाळी पाहिलं आहे मी. पाण्याला दोघंही सारखेच.

मेघदूताच्या अगदी पहिल्या श्लोकात यक्ष ज्या रामगिरीवर राहतो, त्याची ओळख कालिदासानं कशी करून दिली आहे? सीतेच्या स्नानानं जिथलं पाणी पुण्य झालं, असा डोंगर. शिखर किंवा देऊळ नंतर, आधी पाणी. सासूबाईंनी मेघदूत वाचलेलं नाही, पण क्रम त्यांचाही तोच. तो रामगिरी म्हणजेच आपलं रामटेक, हे महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी साधार मांडलं. वेगळं मत असणारे विद्वान आहेत, त्यांनी एकदा आषाढात गडावर उभं राहून पाहावं, एवढंच मी म्हणेन.

पायऱ्या चढताना वानरांपासून प्रसाद सांभाळा. नारळ पिशवीत, पिशवी पदराखाली, आणि तरीही एखादं वानर हिशेब चुकता करतंच. वर गेल्यावर वराहाची मोठी दगडी मूर्ती लागते. तिच्या पोटाखालून सरपटत पलीकडं निघायचं, पापी असेल तो अडकतो म्हणतात. भावोजी अडकले. पाप कसलं, पुण्यातलं जेवण! पण नणंदेनं ते पूर्ण सहलभर लावून धरलं.

गडावरची राम-लक्ष्मणाची देवळं सगळे पाहतात. पहिल्या रघुजी भोसल्यांनी या देवस्थानाला ऊर्जितावस्था आणली. पण वाटेतली केवल नरसिंह आणि रुद्र नरसिंहाची बुटकी, जाड भिंतींची देवळं दहांतले आठ जण तशीच ओलांडतात. ती वाकाटक राजांच्या काळातली, म्हणजे दीड हजार वर्षांहून जुनी. आत नरसिंह कसा बसला आहे पाहा: एक गुडघा उभा, अंग भरदार, चेहऱ्यावर उग्रपणापेक्षा जेवण झाल्यावरची सुस्ती. हिरण्यकशिपू कुठंच नाही. नुसता बसलेला देव.

आणि इथं एका बाईची आठवण काढल्याशिवाय पुढं जाववत नाही. प्रभावतीगुप्ता. दुसऱ्या चंद्रगुप्ताची मुलगी, वाकाटकांची सून. नवरा लवकर गेला, मुलं लहान, तेव्हा राज्यकारभार तिनं हाती घेतला. राजधानी नंदिवर्धन, म्हणजे रामटेकजवळचं आजचं नगरधन. अमरावती जिल्ह्यात रिद्धपूरला तिचा ताम्रपट सापडला. तो कुठून दिला, तर 'रामगिरिस्वामींच्या पादमूलापासून'. पादमूल म्हणजे पायांचं मूळ, पायांपाशी. पुत्राच्या राज्यातही राणीनं आपला पत्ता देवाच्या पायापाशी लिहिला आहे. मी हे सासूबाईंना सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "मंग! शहाणी होती बाई."

एकदा मात्र आमचा सगळा दंडक फसला. मे महिना, पारा पंचेचाळीसच्या घरात, आणि आम्ही भक्तिभावानं चपला पायथ्याशीच ठेवल्या. उतरताना दुपारचा एक वाजलेला. त्या पायऱ्यांवर आम्ही दोघी सासू-सुना ज्या नाचलो, तो नाच कोणी पाहिला नसावा अशी माझी आजही प्रार्थना आहे. सावलीच्या पट्ट्यातून सावलीच्या पट्ट्यात उड्या. खाली अंबाळ्याच्या शेवटच्या पायरीवर बसून पाय पाण्यात सोडले, आणि सासूबाईंनी तांब्यानं माझ्या पावलांवर पाणी घातलं. मी ओशाळले, "आई, तुम्ही कशाला?" तर म्हणाल्या, "चूप बस व." सासूनं सुनेच्या पायावर पाणी घातलेलं मी तरी दुसरीकडं पाहिलं नाही. तेव्हा उन्हाळ्यात जाल तर सकाळी आठच्या आत चढा.

रामटेकात कपूर बावडी चुकवू नका, पायऱ्यांची जुनी विहीर आहे. शांतिनाथांचं जैन मंदिरही तिथंच. मुलं सोबत असतील तर खिंडसी तलावावर नाव मिळते. त्रिपुरी पौर्णिमेला गडावर त्रिपूर पेटतो, तेव्हा गर्दी इतकी की पाय धुवायला पाण्यापर्यंत पोचणंच कठीण. निवांतपणा हवा असेल तर दुसऱ्या आठवड्यात जा.

आता कळमेश्वरच्या बाजूला वळू. अदासा आणि धापेवाडा ही दोन्ही ठिकाणं एका दिवसात सहज होतात, मधलं अंतर थोडंच. अदाशाचा गणपती म्हणजे शमीविघ्नेश. बळीकडं जाण्याआधी वामनानं शमीच्या पानांनी त्याची आराधना केली, ही तिथली कथा. मूर्ती उभी, अखंड दगडाची आणि पुरुषभर उंचीहून मोठी. गाभाऱ्यात गेल्यावर मान वर करावी लागते. घरच्या गणपतीकडं आपण खाली वाकून पाहतो, त्यामुळं इथं क्षणभर गोंधळायला होतं. थंडीत गेलात तर रस्त्याच्या कडेला संत्र्यांचे ढीग लागलेले असतात. भाव करा, पण आधी एक सोलून खा. साल सैल आणि फोड घट्ट असेल तर घ्या.

धापेवाड्याला आम्ही विदर्भाचं पंढरपूर म्हणतो. गावाजवळून वाहणाऱ्या नदीचं नावही चंद्रभागाच. कोलबास्वामी दरवर्षी पंढरीला चालत जात. वय झालं, पाय चालेनात, तेव्हा विठ्ठलानं दृष्टांत दिला की तू येऊ नकोस, मीच येतो, आणि मूर्ती विहिरीत सापडली. असं गावकरी सांगतात. म्हणून इथली यात्रा पंढरपूरची एकादशी झाल्यानंतर, आषाढी पौर्णिमेच्या सुमारास भरते. पंढरीतलं काम आटोपून देव इकडं येतो ना! मला ही कथा फार आवडते, कारण तिच्यात म्हाताऱ्या माणसाच्या पायांचा विचार देवानं केला आहे. सासूबाईंनाही ती आवडते, कारण त्यांच्या मते देवाला शेवटी विहिरीतूनच यावं लागलं, म्हणजे पाण्यातून.

कोराडीची जगदंबा तुम्हाला ठाऊकच आहे. नवरात्रात तिथं पाऊल ठेवायला जागा नसते. सकाळी बालिका, दुपारी तरुणी, संध्याकाळी प्रौढा, अशी देवीची तीन रूपं पाहणारे पाहतात. मला तिथं दरवेळी तलावापलीकडं उभ्या वीज केंद्राच्या चिमण्या दिसतात, आणि घरातला पंखा आठवतो.

शहरातलं टेकडी गणपती, ताजबाग हे तर रोजच्या वाटेवरचं. फक्त ताजबागेबद्दल, म्हणजे ताजुद्दीन बाबांच्या दर्ग्याबद्दल, एक सांगते. बाबांचा जन्म 1861 चा, कामठीचा. लोक त्यांना वेडे म्हणत, त्यांची काही वर्षं इथल्या वेड्यांच्या इस्पितळात गेली आणि दर्शनाला लोक तिथंच जाऊ लागले. पुढं राजे रघुजीराव भोसल्यांनी त्यांना आपल्याकडं आणलं. बाबा 1925 मध्ये गेले. सावनेरकडं वाकीला त्यांचं जे ठाणं आहे, तेही कन्हान नदीच्या काठी. चादर चढवायला येणाऱ्यांत कुंकू लावलेल्या बाया किती असतात, ते एखाद्या गुरुवारी जाऊन मोजा.

आणि दीक्षाभूमी. 14 ऑक्टोबर 1956, त्या वर्षीची विजयादशमी. बाबासाहेबांनी धम्मदीक्षा घेतली आणि लाखो लोकांना दिली, ती या जागेवर. आजचा स्तूप पुढं 2001 मध्ये खुला झाला. घुमटाखाली उभं राहिलं की आपलाच श्वास ऐकू येतो. पण खरी दीक्षाभूमी पाहायची तर धम्मचक्र प्रवर्तन दिनाला. लोक खेड्यापाड्यांतून येतात, रस्त्याकडेला झोपतात आणि परत जाताना पिशवीतून काय नेतात? पुस्तकं. मी मास्तरीण, मला ते दृश्य इतर कुठल्याही यात्रेत दिसलेलं नाही. एका वर्षी फूटपाथवर एक आजी बसलेल्या दिसल्या. वाचता येत नव्हतं, पण मांडीवर चार पुस्तकं. नातवासाठी का, विचारलं, तर म्हणाल्या, "घरात ठेवाले. कोनीतरी वाचनच."

त्या दिवशी वस्त्यावस्त्यांतली पोरं रस्त्यावर पाण्याची पिंपं मांडून उभी असतात. येईल त्याला पेला भरून देतात. 1927 साली महाडच्या चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेण्यासाठी ज्यांना सत्याग्रह करावा लागला, त्यांची ही नातवंडं-पतवंडं. मी प्रत्येक वर्षी एक पेला पिते. तहान नसली तरी.

आता शेवटचं ठिकाण, कुही तालुक्यातलं अंभोरा. वैनगंगेला इथं कन्हान मिळते, आणखीही नद्या येतात, म्हणून पाच नद्यांचा संगम म्हणतात. टेकडीवर चैतन्येश्वराचं मंदिर, मुकुंदराजांच्या गुरुपरंपरेतल्या हरिनाथांची समाधी. मराठीतला आद्य ग्रंथ म्हणून ज्याचं नाव घेतात, तो मुकुंदराजांचा विवेकसिंधू, 1188 सालचा. तो जिथं लिहिला, ती त्यातली अंबानगरी म्हणजे अंबेजोगाई, असं मराठवाडा म्हणतो. आम्ही म्हणतो अंभोरा, आणि वैनगंगेकडं बोट दाखवतो. गोसीखुर्द धरणाचं पाणी इथवर फुगलेलं आहे, त्यामुळं नदीचा समुद्र झाल्यासारखा वाटतो. वर केबलांनी तोलून धरलेला नवा पूल आहे, त्यावर उभं राहिलं की संध्याकाळी पाणी तांब्यासारखं दिसतं. भावोजींना आम्ही शेवटी इथं नेलं. तासभर ते काही बोलले नाहीत. पुणेकराच्या बाबतीत ही पावतीच समजावी.

सासूबाई काठी टेकत पाण्यापर्यंत उतरल्या. काठाला जलपर्णीचा हिरवा थर, त्यात अडकलेल्या पिशव्या, निर्माल्य आणि वास. त्यांनी पाऊल पुढं केलं, मागं घेतलं. माझ्याकडं पाहून म्हणाल्या, "एवढी मोठी नदी, अन् घान कोठची व ही?" भूगोल शिकवलेला, उत्तर तोंडपाठ होतं. नाग नदी अंबाझरीकडून निघते, पूर्ण शहराचं सांडपाणी घेते, पुढं कन्हानला मिळते, आणि कन्हान इथं वैनगंगेला. सकाळी मी घरी मोरीत जे पाणी सांडलं, ते याच वाटेनं निघालेलं. मी म्हटलं, "आपलीच आहे, आई."

त्या बराच वेळ तशाच उभ्या. मग म्हणाल्या, "बाटली दे." मी पिशवीतली पाण्याची बाटली काढून दिली. घरून भरून आणलेली. आमच्या पूर्व नागपुरात नळाला कन्हानचंच पाणी येतं. ते कन्हानचं पाणी त्यांनी कन्हानच्या काठावर उभं राहून पायांवर घातलं, आधी उजवा, मग डावा, आणि चैतन्येश्वराच्या पायऱ्या चढायला लागल्या.

नमस्कार.