काय मागू?

श्रोतेहो, नमस्कार.

आज ज्या मैत्रिणीबद्दल बोलणार आहे, तिचं नाव मी घेणार नाही. रेडिओवर आपलं नाव आलेलं तिला मुळीच खपलं नसतं. आमची ओळख चर्चमधली. अशी मैत्री कोणी ठरवून करत नाही. वयं वेगळी, कामं वेगळी; एरवी रस्त्यात भेटलो असतो तर बोललोही नसतो. पण दर रविवारी एकाच बाकावर बसायचं आणि एकाच पुस्तकातून गायचं, यातून माणूस आपलं होऊन जातं. ती खालच्या सुरात गायची, ठाम. तिच्या आधाराने माझंही निभून जायचं.

मंडळीत आजाऱ्यांची यादी तिच्याकडे असे. उपासनेआधी दाराशी वही घेऊन उभी राहायची. कोणाचं ऑपरेशन, कोणाची आई अंथरुणाला खिळलेली. पाळक प्रार्थनेत ती नावं वाचत. एका रविवारी त्या वहीत तिच्याच अक्षरात तिचंच नाव होतं. मोठ्या आतड्याचा कर्करोग, यकृतापर्यंत गेलेला. आतड्यातलं रक्त आधी यकृतात जातं, म्हणून हा रोग बऱ्याचदा तिथेच पहिल्यांदा पसरतो, हे मला तिनेच कागदावर चित्र काढून समजावलं.

आमच्या वहीत नावापुढे ठरलेले दोन शब्द असत, ‘बरे होण्यासाठी’. तिने स्वतःच्या नावापुढे लिहिलं होतं, ‘झोप लागावी’. पुढच्या रविवारी, ‘मळमळ थांबावी’. मग, ‘रिपोर्ट येईपर्यंत घरात भांडणं होऊ नयेत’. मी विचारलं, बरं होण्याचं का नाही मागत? म्हणाली, “ते तुम्ही सगळे मागताच आहात. मला आज काय हवंय ते मी मागते.”

तिच्या केमोत ऑक्सॅलिप्लॅटिन नावाचं औषध होतं. त्याने गार वस्तूला हात लागला तरी बोटांत झिणझिण्या येतात, गार पाणी घशाला टोचतं. पुढेपुढे बोटं बधिर होतात. पेन धरवेना, तेव्हा ती सांगायची आणि मी लिहायचे. केमोनंतर साधारण आठवडा-दोन आठवड्यांच्या सुमाराला रक्तातल्या पांढऱ्या पेशी फार कमी होतात, गर्दीत जाणं धोक्याचं असतं. त्या रविवारी ती घरीच राहायची. तिचं मन देवावरून उडालं, असाही निष्कर्ष काहींनी काढला. माणसं भलती हुशार असतात.

आणि भेटायला येणारे! “विश्वास ठेव, नक्की बरी होशील.” एकदा तिने शांतपणे विचारलं, “आणि नाही झाले, तर माझाच विश्वास कमी पडला म्हणायचं का?” पाहुण्यांनी चहा अर्धा ठेवला. प्रेमाने आलेलं माणूस आजाऱ्याच्या डोक्यावर केवढं ओझं ठेवून जातं, हे त्या दिवशी मला स्वच्छ दिसलं. बायबलमधल्या, संकटांनी खचलेल्या ईयोबाचे मित्र सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसले, एक शब्द बोलले नाहीत. त्यांचं बिघडलं ते तोंड उघडल्यावर. हा प्रसंग तिच्या फार आवडीचा. स्तोत्रसंहितेतलं 88वं स्तोत्रही ती वाचून घ्यायची. ते अंधारातच संपतं, शेवटी स्तुतीची ओळ नाही. त्यापाठोपाठ कोणी दिलासा देणारं 23वं काढलं, तर म्हणायची, “आज एवढंच.”

शेवटच्या महिन्यांत दुखणं वाढलं. मॉर्फीन हे वेदनाशामक सुरू केलं म्हणजे सगळं संपलं, या भीतीने घरचे नको म्हणत होते. लंडनमध्ये 1967 साली सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस, म्हणजे बरं न होणाऱ्या रुग्णांची काळजी घेणारं ठिकाण, सुरू करणाऱ्या सिसिली सॉन्डर्स या श्रद्धाळू ख्रिस्ती डॉक्टर. वेदना परत डोकं वर काढण्याआधीच, घड्याळ लावून औषध द्यावं, हा त्यांचा आग्रह. हे तिच्या डॉक्टरांनी घरच्यांना नीट समजावलं. मॉर्फीन सुरू झालं आणि आमची मैत्रीण दोन रविवार पुन्हा बाकावर येऊन बसली. “दुखणं उतरावं म्हणून मागितलं होतं ना, उत्तर बाटलीतून आलं,” म्हणाली. गायलीसुद्धा, दोन कडवी.

ती गेली तेव्हा कोणीतरी म्हणालं, देवाला तिची जास्त गरज होती. मला हे पटत नाही. मेलेल्या लाजराला आपण पुन्हा जिवंत उठवणार हे ठाऊक असूनही येशू रडला, असं योहानाच्या शुभवर्तमानात आहे. मग आपणच डोळे कोरडे ठेवण्याची घाई कशाला?

वही आता कॉलेजात जाणाऱ्या एका मुलाकडे आहे. तो प्रत्येकाला विचारतो, “काय मागू?” परवा एक आजोबा म्हणाले, “सून औषध वेळेवर देते, पण बोलत नाही, तेवढं बघा.” पोराने शब्दन् शब्द लिहून घेतलं. सून तिसऱ्या रांगेत बसली होती. पाळकांनी चष्मा सारखा केला, ओळ पुन्हा एकदा मनात वाचली आणि म्हणाले, “आजोबांच्या घरातल्या गप्पांसाठी.”