व्हीलचेअर, राफ्ट आणि दोन फुटांचं दार

(मेजरिंग टेप कॅमेऱ्यासमोर धरून)

नमस्कार मंडळी! राफ्टिंगला जायचंय, तर आधी हा टेप घ्या. लाइफ जॅकेटचं नंतर बोलू.

माझा भाचा 15 वर्षांचा आहे. त्याला सेरेब्रल पाल्सी आहे, म्हणजे मेंदूचा स्नायूंवर नीट ताबा नसतो; दोन्ही पाय ताठ असतात, व्हीलचेअर वापरतो. तोंड मात्र अखंड चालू. मागच्या वर्षी त्याला घेऊन एका रिसॉर्टला गेलो होतो. फोनवर विचारलं होतं, "व्हीलचेअर चालेल ना?" उत्तर आलं, "हो हो, टेन्शन घेऊ नका, आमची पोरं उचलून घेतील."

गेलो. बाथरूमला दोन पायऱ्या, दार जेमतेम दोन फुटांचं. दुपारी जेवताना माझ्या लक्षात आलं की पठ्ठ्यानं सकाळपासून पाण्याचा घोटसुद्धा घेतलेला नाही. पाणी प्यायलं की जावं लागणार, आणि जायचं म्हणजे चार अनोळखी माणसं उचलणार. म्हणून तो दिवसभर तहानलेला बसला होता, आणि आम्ही फोटो काढत होतो.

त्या पोरांच्या मनात वाईट काही नव्हतं हो. पण 15 वर्षांच्या मुलाला कुणी उचलायचं, हे 15 वर्षांचा मुलगाच ठरवणार ना?

तर यंदा त्याला कोलाडला कुंडलिका नदीत राफ्टिंग करायचं होतं. या वेळी फोनवर "चालेल का?" विचारलंच नाही. सांगितलं, "दादा, बाथरूमच्या दाराला टेप लावा आणि फोटो पाठवा." खुर्ची चाकांसकट 24 इंच, म्हणजे दार 32 इंच तरी हवं. "रॅम्प आहे" म्हणाले तर लांबी विचारा. 1 फूट चढायचं असेल तर रॅम्प 12 फुटांचा लागतो. पायऱ्यांवर टाकलेली फळी म्हणजे रॅम्प नव्हे, घसरगुंडी आहे ती! कमोड आहे ना, शेजारी खुर्ची लावायला जागा आहे ना, तेही फोटोतच बघायचं. तिसऱ्या ठिकाणी जमलं.

आता नदी. आमच्यासारखे पुण्याहून ताम्हिणीमार्गे गेलात तर वाटेत मुळशीचं धरण लागतं. त्याच धरणाचं पाणी भिऱ्याच्या वीजकेंद्रात टर्बाइन फिरवून कुंडलिकेत येतं. म्हणजे राफ्ट चालते ती वीज तयार झाल्यावर सोडलेल्या पाण्यावर. हे पाणी सकाळी येतं आणि राफ्टही तेव्हाच निघतात. आमच्या भाच्याला उठून, आवरून, तयार व्हायला दीड तास लागतो. पहाटे पुण्याहून निघून तिथे वेळेत पोचायचं, हा विचारच सोडून द्या. शनिवारी आरामात जायचं, रात्री पाण्याची खात्री करून घ्यायची आणि रविवारी सकाळी उतरायचं. आणखी एक, 14 वर्षांखालच्या मुलांना बहुतेक ठिकाणी घेत नाहीत.

त्याआधी डॉक्टर. "राफ्टिंग चालेल का?" असं मोघम विचारलंत तर मोघमच उत्तर येणार. फिट येते का, मान किती धरता येते, नाकातोंडात पाणी गेलं तर खोकून बाहेर काढता येतं का, खुब्याला धक्का चालेल का, असं एकेक विचारा.

राफ्टमध्ये बाकीचे कडेवर बसतात, पाय अडकवून. याचे पाय अडकत नाहीत. म्हणून तो आत, खाली बसला. पाठीमागे आडवी फुगीर नळी, एका बाजूला त्याचा दादा, दुसऱ्या बाजूला मी. "पट्ट्यानं बांधून टाकू का?" असं कुणीतरी प्रेमानं विचारेलच. अजिबात नाही! राफ्ट उलटली तर बांधलेला माणूस तिच्याखाली अडकतो.

लाइफ जॅकेट आधी शांत पाण्यात तपासा, गाइड शेजारी असताना. पाठीवर तरंगताना तोंड वर राहतंय का? जॅकेट खांद्यांवरून वर सरकत असेल तर मांड्यांमधून जाणारा पट्टा हवा. पायाचे स्प्लिंट, म्हणजे पायांना आधार देणारे साचे, गाडीत ठेवा आणि मागे घट्ट पट्टा असलेले सँडल घाला. गार पाण्यानं ताठरपणा वाढतो, त्यामुळे कोरडे कपडे आणि टॉवेल बाहेर पडायच्या जागी तयार असू द्या. आणि व्हीलचेअर! ती गाडीनं तिथे आधीच पोचली पाहिजे. राफ्ट साधारण 12 किलोमीटर खाली जाऊन थांबते. खुर्ची वरच राहिली तर पोरगं काठावर वाट बघत बसणार.

उचलावं लागलंच. काठ दगडांचा होता, दुसरा मार्ग नव्हता. पण कोण उचलणार हे त्यानं ठरवलं: दादा पाठीमागून काखेतून, गाइड गुडघ्यांखालून. आणि एक-दोन-तीन तोच मोजणार. दोनवर येऊन मुद्दाम थांबला, गाढव! दोघं वाकलेले, आणि हा आरामात आकाश बघतोय.

पहिल्या रॅपिडला, म्हणजे खळाळत्या पाण्याच्या पहिल्या टप्प्याला, एवढा ओरडला की पुढच्या राफ्टमधले लोक वळून बघायला लागले. पाणी? दोन बाटल्या प्यायला त्या दिवशी.

आता त्याला कामशेतला पॅराग्लायडिंग करायचंय. टँडममध्ये, म्हणजे दोघांनी मिळून उडताना, पायलट मागे असतो, हवेत दोघंही बसलेलेच. प्रश्न आहे तो उतारावरून धावत उडण्याचा आणि खाली पाय टेकण्याचा. पायलटशी त्यावर बोलायला हवं. तो फोन मी करणार नाहीये. नंबर त्याच्याकडे दिलाय.